माझ्या मरणाची खबर अंगदनं द्यायची नाही

मी, पंचफुलाबाई भ्र. संतराम गडदे, वय अंदाजे त्र्याहत्तर, धंदा शेती व मेंढरं, राहणार साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, आज पूर्ण शुद्धीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. कोणाला घालायचा असेल तर त्यानं घालून बघावा. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी अक्कल तपासायला विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "मंगळवार. पण तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं चित्र मागल्या महिन्याचं हाय, ते आधी पलटा." त्यांनी लगेच दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

मला अक्षर येत नाही. हे सगळं मी तोंडानं सांगते आणि तहसीलसमोरच्या खोलीत टेबल मांडून बसणारी दस्तलेखक मिना लिहून घेते. तिला बजावलं आहे की बाई, माझं बोलणं धुऊन-पुसून लिहू नको. ती म्हणाली, "आजी, मृत्युपत्रात शिव्या चालत न्हाईत." म्हणून शिव्या गाळल्या आहेत. वाचणाऱ्यानं जागा बघून आपापल्या समजुतीनं घालून घ्याव्यात.

कलम १. हे मृत्युपत्र आत्ताच का

लोक मृत्युपत्र करतात आणि मग मरतात. माझं उलटं झालं. मी आधी मेले. मागच्या मे महिन्यात माझा एकुलता एक मुलगा अंगद यानं मला फोनवरून मारलं. मारलं ते मारलं, मला सांगितलंसुद्धा नाही. मी घरी शेळीची धार काढत होते. एकदा मारणारा माणूस दुसऱ्यांदा काय करील याचा भरवसा नाही, म्हणून लिहून ठेवते.

कलम २. कोमल आणि तिचा नाच

अंगदची मुलगी कोमल, वय सतरा, ही बॅले शिकते. हा पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून करायचा परदेशी नाच आहे. बँकेतल्या एका साहेबांची हिंगोलीला बदली झाली, त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या नाचाच्या मॅडमनी, तिथं वर्ग काढला. कोमल तेव्हा शिकायला म्हणून माझ्याबरोबर हिंगोलीत खोली करून राहायची. एक दिवस खिडकीतून बघत उभी राहिली, ती हलेचना. मी ओढायला गेले तर मीही बघत उभी राहिले. पुढं साहेबांची बदली नांदेडला झाली, तेव्हा आम्ही साखऱ्याला परतलो आणि दर शनिवारी दोघी एसटीनं नांदेडला. पोरगी आत नाचायची, मी बाहेर पायरीवर बसून लोकर पिंजायची. वर्गातल्या एका मुलीच्या आईनं मला विचारलं, "तुम्ही यांच्याकडे कामाला आहात का?" मी म्हटलं, "व्हय. पगार मिळत न्हाई, पण मालकीण चांगली हाय."

परीक्षा घ्यायला परदेशातली बाई पुण्याला येते. ती हसत नाही, टाळ्या वाजवत नाही, नुसती बघते. आमच्याकडं मेंढ्यांचा व्यापारी असाच बघतो. कोमल तिच्या सगळ्या परीक्षा पास झाली.

गावात जे लोक कोमलला "नाचणारीण" म्हणतात, त्यांना मी या मृत्युपत्रानं काहीही देत नाही. ते स्वतःच्या पोरांच्या वरातीत डीजेपुढं रस्त्यात लोळतात, त्याला नाच म्हणतात. त्यांनी माझ्या मातीलाही येऊ नये. आले तर मागं उभं राहावं.

कलम ३. बुटांबद्दल

हे न्यायानं सांगितलं पाहिजे म्हणून सांगते. टोकावर उभं राहायचे बूट साटीनचे असतात, आत कागद आणि सरस. ते थोड्याच दिवसांत मऊ पडतात आणि नवे घ्यावे लागतात. पहिला जोड आला तेव्हा अंगद म्हणाला, "एवढे महागाचे आन् टिकत न्हाईत?" आणि कोणाला न विचारता चांभाराकडं नेऊन त्याला टायरचा तळ ठोकून आणला. मोठ्या हौशीनं म्हणाला, "घे बाई, आता बारावीपर्यंत बघायचं काम न्हाई." कोमल दिवसभर रडली. मी हसून हसून दमले. बूट वाया गेले, पण त्या दिवशी अंगदची नियत बराबर होती, फक्त अक्कल नव्हती. मे महिन्यात त्यानं अक्कल चालवली आणि नियत गेली.

कलम ४. मे महिन्यात काय झालं

पुण्याला उन्हाळ्यात या नाचाचं शिबिर भरतं. शेवटच्या दोन दिवसांत तिथले मास्तर थोड्या मुली निवडतात. त्यांना वर्षभर ठेवून, खाऊ घालून शिकवतात. निवडीला बघायच्या मुलींत कोमलचं नाव होतं. पोरीनं त्यासाठी मेंढवाड्याचा आडवा दांडा धरून वर्षभर पाय घासले. मॅडम तसल्या दांड्याला बार म्हणतात. अंगदला त्या नावाचं दुसरंच ठिकाण ठाऊक आहे.

निवडीच्या आदल्या दिवशी अंगदनं कोमलला फोन केला. "आजी गेली. माती उद्या हाय. निघ."

कारण काय, तर आखाडा बाळापूरचे पाहुणे पोरगी बघायला येणार होते. त्यांच्या पोराकडं ट्रॅक्टर आहे. पोरगी नाचते हे त्यांच्या कानावर जायच्या आत उरकून टाकायचं आणि अठरा पुरे झाले की अक्षता, असा बेत. नुसतं ये म्हटलं तर पोरगी आली नसती, म्हणून मला मारलं.

पण अंगद एक गोष्ट विसरला. आमच्यात बाई मेली की माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. कोमलनं रडत रडत माझ्या भावाला, कनेरगाव नाक्याच्या मसाजीला, फोन केला. म्हाताऱ्यानं दुकान उघडायला लावून लुगडं घेतलं आणि भाड्याच्या जीपमध्ये चार माणसं घालून साखऱ्याला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इकडं बाळापूरचे पाहुणे नुकतेच खाटेवर टेकलेले. तेवढ्यात मसाजी काखेत लुगडं घेऊन, "अक्के, मला टाकून गेलीस गं!" करत अंगणात शिरला. मी शेळीजवळून मान वर केली.

"कुठं गेले रे मी?"

तो मटकन खालीच बसला. "तू मेलीस न्हाई?"

"अजून धार काढायची राहिली हाय."

पाहुण्यांतला म्हातारा अंगदकडं बघून म्हणाला, "पाव्हणं, हे काय चालू हाय? मयताच्या घरी सोयरीक करून राहिलाव का?" अंगद उठून उभा राहिला. म्हणाला, "गैरसमज झाला." मी म्हटलं, "गैरसमज कोणाचा? माझा तर न्हाई."

तेवढ्यात कोमल आली. फाटकातूनच तिचा हंबरडा. मी समोर उभी, तरी तिला दिसेना. मग दिसले. तिनं मला मिठी मारली आणि माझ्या पाठीत गुद्दे घातले. "आज्जे, तू जित्ती हायस! जित्ती हायस तर मग मला काहून बलावलं?" मग तिला खाटेवरचे पाहुणे दिसले. तिनं मिठी सोडली आणि खाली बघितलं. पायात नाचाचे मऊ जोडे तसेच होते, बदलायलाही थांबली नव्हती.

अंगद मला म्हणाला, "माय, तुझ्या नावाबिगर ती आलीच नसती."

मी म्हटलं, "बराबर. म्हणून ते नाव तुला वापरायला दिलं नव्हतं."

पाहुणे गेले. जागाही गेली. शिबिराचे मास्तर म्हणाले, निवडीला हजर नाही तिची निवड नाही, येत्या मे महिन्यात परत बघू. वयाच्या नियमानं तो तिचा शेवटचा मे आहे. माझी छाती आता जिना चढताना धरते. मला तो मे लांब दिसतो. म्हणून पुढची कलमं.

कलम ५. जमीन

साखरा शिवारातली माझी जमीन वाडवडिलांची नाही. मेंढरांमागं हिंडून, लोकर-लेंडी विकून ती मी माझ्या नावावर घेतली; नवऱ्याचा त्याला विरोध होता आणि नंतर तोच ती लोकांना दाखवत फिरला. ही सगळी जमीन, विहिरीच्या हिश्श्यासह, मी माझी नात कोमल हिला देते. तिचे वर्ग, परीक्षा, शिबिरं, बूट, एसटी, सगळं त्या पिकातून व्हावं. ती अठरा वर्षांची होईपर्यंत व्यवस्था तिची आई आशाबाई बघेल.

मिनानं विचारलं, "बाप असताना आई काहून?" तर ऐक. त्या दिवशी आशाबाईनं तोंड उघडलं नाही, याचा मला राग आहे आणि तो मी मरेपर्यंत ठेवणार आहे. पण अंगद आत येऊन चार वेळा म्हणाला, "पोहे आण." तिनं चूल पेटवली नाही. पोहे भिजवले नाहीत. पाहुणे पाण्यावर गेले. एवढं करायला आमच्या घरात काय लागतं ते मला ठाऊक आहे.

कलम ६. घर

दोन खोल्या, पत्र्याची पडवी आणि मेंढवाडा आशाबाईला. अंगदनं तिथं राहावं, पण तिला विचारून. मेंढवाड्याचा दांडा कोणी काढू नये.

कलम ७. मेंढरं

सगळी अंगदला. मेंढरांना फोन येत नाही.

लोकर कातरायची माझी कातर मात्र त्याला नाही, ती मसाजीला. माझं नवं घोंगडं नाचाच्या मॅडमना. त्यांनी कोमलच्या पिंढऱ्या "फार जाड" आहेत असं एकदा म्हटलं होतं. मी तेव्हाच सांगितलं होतं की या पिंढऱ्या चढणीवर मेंढरांच्या मागं पळून झाल्यात, फुकट मिळाल्या न्हाईत. तरी पोरगी पुण्याहून परत आल्यावर तिला परत नाचाला लावायला त्या स्वतः साखऱ्याला आल्या आणि मेंढवाड्यात लेंड्यांत उभं राहून शिकवलं. घोंगडं त्याचं आहे. पिंढऱ्यांचं मी विसरलेले नाही.

कलम ८. लुगडं

मसाजीनं आणलेलं लुगडं परत नेता येत नाही. मयताच्या नावानं निघालेलं कापड माघारी गेलं तर ते कोणाला तरी घेऊन जातं. अंगदला द्यावं असं माझ्या मनात आलं होतं. मग मीच नेसले. रंग चांगला आहे. माझं माहेरचं देणं यात पोचलं, मेल्यावर मसाजीनं दुसरं आणू नये.

कलम ९. माझ्या मरणाची खबर

माझ्या मरणाची खबर द्यायचा हक्क अंगदला नाही. तो मी शेजारी धर्मसिंग यांना देते. त्यांनी स्वतःच्या म्हशीचं मरणसुद्धा कधी वाढवून सांगितलं नाही. कोमलनं धर्मसिंगच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी मेले असं मानू नये, पेपरात आलं तरी.

आणि मी मे महिन्यात मेले, तर शिबिर आणि निवड पुरी होईपर्यंत तिला कोणी कळवायचं नाही. माती थांबवायची नाही, दहावा थांबवायचा नाही, तिला बोलवायचं नाही. ती नंतर चिडेल. चिडू द्या. माझ्या पाठीत घालायचे गुद्दे तिनं अंगदच्या पाठीत घालावेत, तशी मी परवानगी देते.

कलम १०. अट

हे कलम माझ्या मनात नव्हतं. मिना म्हणाली, "आजी, जमिनीला अट लागंल. समजा कोमलनं नाच सोडला, न्हाईतर मे महिन्यात निवडच झाली न्हाई. मग जमीन कोणाला?"

अंगद दारातच बाकावर बसून आहे. मोटारसायकलवर मला त्यानंच इथं आणलं. डॉक्टरला दाखवायचं म्हणून सांगितलं होतं. खोटं सांगून माणूस कसं हलवायचं ते मीही शिकले. तो आत डोकावून म्हणाला, "माय, तेवढं तरी लिव. मग मला."

मी त्याला म्हटलं, "इकडं ये. तू दहावीला दोनदा गेलास, तरी तुला मोटारसायकल घेतली. दुकान टाकलंस, बुडवलंस, तरी घरात घेतला. तवा कोणी अट घातली होती का, की पास झाला तर पोरगा, नापास झाला तर परका?"

त्यानं मोटारसायकलची चावी खिशात घातली.

"मग पोरीलाच काहून?"

म्हणून लिहिते: जमिनीला कोणतीही अट नाही. कोमल निवडली गेली तरी जमीन तिची, न गेली तरी तिची. टोकावर उभी राहिली तरी, पडली तरी, आणि उद्या बूट काढून म्हणाली की आता बास, मला मेंढरं राखायची हायेत, तरी. ही जमीन नाचाची मजुरी नाही. ती नातीला आजीनं दिलेली आहे.

मिनाकडून हे कलम मी दोनदा वाचून घेतलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं.

अंगद उठून गेला आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. चहा मी प्याले. कलम तसंच आहे.

याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. वरचं सगळं मला वाचून दाखवलं, ते माझंच बोलणं आहे, शिव्या सोडून.

ठिकाण: सेनगाव
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

पंचफुलाबाई भ्र. संतराम गडदे
(डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर अंगठा उठवला:
१. धर्मसिंग राठोड, राहणार साखरा (सही)
२. मिराबाई वाघमारे, चहाची टपरी, तहसीलसमोर, सेनगाव (सही)

लिहून घेणार: मिना रामप्रसाद जाधव, दस्तलेखक (सही)