चादरीचं कारण

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा तीच खाज! आणि तीही अशा जागी की हात नेता येत नाही. कापूस वेचताना पराटीच्या झाडांआड जाऊन बसले. साबण बदलून पाहिला, फरक नाही. आतल्या कपड्यांवर रक्ताचे बारीक ठिपके.

१४ नोव्हेंबर

दुपारी घरी कुणी नव्हतं. दार लावलं, आरसा घेतला. केसांच्या मुळाशी तीळ वाटला — तो हलला! नखाने काढून कागदावर ठेवला. चपटा, खेकड्यासारखा. केसांना लिखाही चिकटलेल्या. शी! मी रोज आंघोळ करते.

१५ नोव्हेंबर

एसटीने यवतमाळला गेले. इथे राळेगावात सगळे ओळखीचे.

डॉ. अनघा म्हणाल्या, "आंघोळीचा संबंध नाही. या जांघेच्या केसांतल्या उवा, डोक्यातल्यांपेक्षा वेगळ्या. पूर्ण बऱ्या होतात." लोशन लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. कपडे, चादरी गरम पाण्यात. "नवऱ्यालाही त्याच दिवशी लावा, नाहीतर परत होतील. दोघं बरे होईपर्यंत जवळ यायचं नाही."

"पण आल्या कुठून?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बहुतेक वेळा अंगसंगातून. चादर-टॉवेलमधून क्वचित." दोघांच्या रक्ततपासण्याही लिहून दिल्या.

अक्षयशिवाय माझ्या आयुष्यात कुणी नाही. परतीच्या गाडीत तो एकच शब्द घोळत राहिला — क्वचित.

१७ नोव्हेंबर, रविवार

अक्षय राजूरहून आला. कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो, तिथे चौघं एका खोलीत राहतात. हळू आवाजात सगळं सांगितलं. तो दचकला नाही. तेच टोचलं.

"रूमवरच्या चादरीतून आल्या असतीन. कोणीबी कोणाच्या गादीवर झोपते तिथं."

मग, खाली बघत, "मलेही खाजून राह्यलं होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

त्याने बाटली उचलून तिच्यावरचं वाचायला घेतलं. दोघांनी लोशन लावलं. मी चादरी उकळल्या, उन्हात टाकल्या.

१८ नोव्हेंबर

तो पहाटेच्या गाडीने गेला. क्वचित म्हणजे कधीच नाही, असं थोडीच आहे?

२४ नोव्हेंबर, रविवार

लोशन दुसऱ्यांदा. बारीक फणीने उरलेल्या लिखा काढल्या. खाज गेली. माझे रिपोर्ट चांगले आले. अक्षयने रक्त दिलंच नाही — "सुट्टी नाही भेटली." आणि आज घरी यायला मात्र भेटली!

उवांवर औषध आहे. किती सरळ — कुठे राहतात, कशाने मरतात, सगळं ठाऊक. माझ्या मनातलं कुणाला दाखवू? विचारलं तर संसार मोडेल असं वाटतं. नाही विचारलं, तर तो आला की त्याच्या शेजारी झोपायचं कसं?

आज खाली सतरंजी टाकली. तो भिंतीकडे वळून झोपला.

२६ नोव्हेंबर

सासूबाई अंगणात आल्या. "इतकं गरम पाणी कायले लागते तुले आजकाल?"

"कपडे लई मळतात, आई."

माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या.

२८ नोव्हेंबर

भाकरी थापता थापता सासूबाई अचानक म्हणाल्या, "न्हाणीतली उवांच्या औषधाची बाटली पाह्यली मी. मलेही झालत्या. अक्षय पोटात होता तवा. तुझे सासरे म्हणे, लग्नघरच्या गादीतून आल्या. मी मानलं, अन् जन्मभर गप बसली. तू नको बसू, सुरभी."

ओसरीवरून सासऱ्यांनी पाणी मागितलं. आम्ही दोघीही उठलो नाही.