फलक मासा धरावा की कचरा, हा प्रश्न मागे घेण्याबाबत

प्रति,
माननीय अधीक्षक साहेब,
नदीकाठ देखरेख कार्यालय,
पहिला मजला, जिन्याच्या डाव्या हाताची खोली.

विषय : येत्या रविवारच्या नदीसफाई व स्नेह-गळस्पर्धेची अडकलेली परवानगी मिळणेबाबत, आणि अर्जदाराचा गेल्या वर्षीचा प्रश्न मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे विचारणापत्र. २) आपल्या कार्यालयाची त्यावरील तीन उत्तरे. ३) नदीरक्षकांनी अर्जदारास जागेवर दिलेली लेखी ताकीद.

महोदय,

खुर्ची जरा पुढे ओढून घ्यावी, ही पहिली विनंती. अर्ज लांब आहे आणि दुरून ऐकण्याजोगा नाही. एक हकिकत सांगायची आहे. तीत एक नदी आहे, एक शिंपी आहे, एक लोखंडी पाटी आहे आणि एक चूक आहे. चूक अर्जदाराची आहे. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे ती शोधण्यात आपला वेळ जाणार नाही.

१. अर्जदार हा धान्याच्या वखारीत एकतीस वर्षे काट्यावर होता. लोक त्यास आजही ‘काटेवाले’ म्हणतात. देवाने माणसाला दोन हात दिले ते दोन पारड्यांसारखे, अशी अर्जदाराची श्रद्धा आहे. त्यामुळे आपले पारडे कोणाच्या बाजूला गुंजभर झुकले, असे कोणी म्हटले तर त्याला रात्री अन्न गोड लागत नाही. पुढचा सारा घोटाळा या एका स्वभावातून झाला.

२. नदीसफाई व स्पर्धा सहा वर्षे चालू आहे. ही कल्पना शिंप्यांची. हे शिंपी म्हणजे अर्जदाराचे व्याही. अर्जदाराची मुलगी त्यांच्या घरी दिली आहे. त्यांना खोट्या माशीने मासे धरण्याचा नाद आहे. आकड्याला दोरा आणि पीस गुंडाळून किडा करायचा, तो पाण्यावर अलगद टाकायचा आणि माशाला फसवायचे, असा हा खेळ. स्पर्धेत सर्वांनी शिंप्यांच्याच हातची माशी वापरायची, अशी पद्धत आहे. ते शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या खिशाला हिरव्या दोऱ्याची दुहेरी टीप घालतात, ती त्यांची खूण. रिळाच्या तळाशी जो हिरवा दोरा उरतो, त्याच्या या माश्या होतात.

नियम तीनच आहेत आणि ते अर्जदाराने लिहिले आहेत. एक : आधी पोते, मग गळ. म्हणजे काठावरच्या कचऱ्याने पोते भरल्याखेरीज कोणी गळाला हात लावायचा नाही. दोन : माशीला जे लागेल ते मासा धरावे. (हा नियम दुसऱ्या वर्षी एका बुटावरून दिवसभर वाद झाला त्यानंतर केला.) तीन : मासा तोलून त्याच दिवशी पाण्यात परत सोडावा, कचरा गाडीत जावा. सर्वांत जड मासा ज्याचा, त्याला जर्मन धातूची मोठी किटली मिळते, आणि पुढल्या वर्षी त्याने त्याच किटलीतून सर्वांना चहा पाजायचा. इतके साधे होते, साहेब.

३. गेल्या वर्षी सकाळी दहाच्या सुमारास, पुलाच्या तिसऱ्या खांबाशी व्याह्यांची दोरी ताठ झाली. पोती टाकून सगळे काठावर धावले. पाऊण तास झाला तरी मासा वर येईना. व्याही कपाळावरचा घाम बाहीला पुसून म्हणाले, “काटेवाले, हा ओढत नाही हो. नुसता विचार करतोय.” त्यावर स्पर्धेतले आमचे बेकरीवाले म्हणाले, “विचार करणारा मासा? मग सरकारी असणार.”

शेवटी व्याही व अर्जदार दोघांनी कमरेइतक्या पाण्यात उतरून माल वर घेतला. तो लोखंडी फलक होता. माशीचा आकडा बोल्टाच्या भोकात बसला होता. फलकावर लिहिले होते : ‘नदीत कोणतीही वस्तू टाकण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ वजन नऊ किलो चारशे ग्रॅम, चिखल धुऊन.

४. नियम दोनप्रमाणे किटली व्याह्यांची होती. अर्जदाराने ती उचलली, पुढे केली, आणि तेवढ्यात बेकरीवाले बोलले. त्यांनी सहाशे ग्रॅमचा खराखुरा मासा धरला होता, हे नमूद करणे न्यायाचे आहे. ते म्हणाले, “घ्या! व्याह्याला किटली आणि बाकीच्यांना वाफ!”

सगळे हसले. व्याही सर्वांत मोठ्याने हसले. एकटा अर्जदार हसला नाही. त्याने पुढे केलेली किटली मागे घेतली, घरी नेऊन कपाटात ठेवली, आणि कुलूप लावले. फलकाचेही अडले. तो मासा असेल तर त्याच दिवशी पाण्यात सोडणे भाग, कचरा असेल तर गाडीत टाकणे भाग, आणि सरकारी मालमत्ता म्हणावी तर दोन्ही गुन्हे. तो अर्जदाराच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिला. मग अर्जदाराने आपल्या कार्यालयास पत्र लिहिले, की सदर वस्तू मासा धरावी की कचरा, याचा खुलासा व्हावा.

हीच ती चूक.

अर्जदाराच्या पत्नीने पाकीट चिकटवताना पाहिले आणि म्हटले, “अहो, लोखंडाची पाटी मासा आहे का, हे विचारायला कचेरी लागते? आणि व्याह्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?” सदर प्रश्न नोंदवून घेण्यात आले. पत्र टाकण्यात आले.

५. मूळपदावर येतो. दोन महिन्यांनी आपल्या कार्यालयाचे पहिले उत्तर आले : फलक क्रमांक ११७ हा नोंदवहीप्रमाणे काठावर उभा असून सहामाही तपासणीत ‘सुस्थितीत व वाचनीय’ आढळला आहे, सबब आपणाजवळ असलेली वस्तू तो फलक नव्हे. अर्जदाराने हे उत्तर फलकासमोर बसून वाचले. फलकाच्या मागे ११७ हा आकडा कोरलेला आहे. अर्जदाराने कागद ठेवून वर पेन्सिल घासली, आकडा उमटवून घेतला आणि तो कागद सादर केला.

दुसरे उत्तर लवकर आले. शासकीय फलक खासगी व्हरांड्यात ठेवणे गंभीर असून तो जेथून उचलला तेथे पंधरा दिवसांत पूर्ववत ठेवावा, असे त्यात होते. अर्जदार बुचकळ्यात पडला. फलक मुळात काठावरचा, पण उचलला पाण्यातून. त्याने नम्रपणे विचारले, की काठावर ठेवू की पाण्यात? तिसरे उत्तर एका ओळीचे होते : ‘जेथून उचलला तेथेच. यापुढे पत्रव्यवहार करू नये.’

६. अर्जदाराने आयुष्यात हुकूम मोडलेला नाही. चौदाव्या दिवशी सकाळी तो व व्याही फलक घेऊन नदीवर गेले. व्याही म्हणाले, “चला, माझा मासा सोडून येऊ.” तिसऱ्या खांबाशी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दोघांनी फलक हळूच खाली ठेवला. वर पाहतात तो काठावर नदीरक्षक.

रक्षकांचे वर्तन सभ्य होते. त्यांना ताकिदीत कोणत्या हुकुमाचा भंग झाला ते लिहायचे होते, परंतु हुकुमाचा मजकूर त्यांना पाठ नव्हता. मजकूर फलकावर होता आणि फलक पाण्यात होता. सबब अर्जदाराने तो त्यांना तोंडी सांगितला व त्यांनी लिहून घेतला. आपले तिसरे पत्र अर्जदाराच्या सदऱ्याच्या खिशात होते, पण ते भिजून त्याचा लगदा झाला होता.

लिहिताना रक्षकांच्या कोटाच्या बाहीचे बटण लोंबत होते. व्याह्यांना लोंबते बटण पाहवत नाही. त्यांनी कॉलरमागची सुई काढली. “साहेब, हात सरळ ठेवा, फार हलतोय,” म्हणाले. मग ते सुईत दोरा ओवू लागले. पहिल्यांदा दोरा सुईच्या बाहेरून गेला. दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. अर्जदार एकतीस वर्षे काट्याची टोके जुळताना पाहत आला आहे; चाळीस वर्षे शिवणाऱ्या माणसाचा दोरा असा चुकत नाही, हे त्यास कळते. पाचव्यांदा रक्षकांनी लेखणी कानामागे खोवली आणि स्वतः दोरा ओवून दिला. व्याही म्हणाले, “ऊन फार आहे आज.” आभाळ भरलेले होते.

७. त्याच आठवड्यात अर्जदार मुलीकडे गेला. ती चुलीपाशी होती. म्हणाली, “बाबा, मामंजी सहा महिन्यांपासून सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेतात. तुम्हाला सांगू नको म्हणाले.” डॉक्टरांनी सांगितले आहे की दोन्ही डोळ्यांच्या शिरा सुकत चालल्या आहेत, त्याला औषध नाही, पुढल्या वर्षी या दिवसांत उजेड आणि अंधार तेवढा कळेल. दुकानाच्या खणात तिने अर्जदारास एक डबा दाखवला. आत चाळीस माश्या होत्या, यंदाच्या स्पर्धेच्या. वरच्या थरातल्या नीट होत्या. खालच्या थरातल्या नुसत्या बोटांनी चाचपून केलेल्या होत्या, आणि साहेब, त्या जास्त चांगल्या होत्या.

व्याही दारात आले तेव्हा अर्जदाराने डबा मिटला. ते म्हणाले, “काटेवाले, शिवण काय, बोटांना पाठ आहे. पण माशी पाण्यावर टेकताना दिसली पाहिजे. ती मजा हाताची नाही, डोळ्याची. यंदा एकदा पोटभर टाकून घेऊ.” किटलीचा विषय त्यांनी काढला नाही. वर्षभरात एकदाही काढलेला नाही.

८. यंदाच्या परवानगीचा अर्ज फेटाळण्यात आला आहे. कारण असे दिले आहे, की आयोजक हा ‘नदीत वस्तू टाकणारा इसम’ म्हणून नोंदला गेला आहे, सबब त्याच्याकडून नदीची सफाई होणे संभवत नाही. अर्जदार कचेरीत समक्ष येऊन गेला. बाकावर तीन तास बसल्यावर सांगण्यात आले, की फलक पाण्याबाहेर काढून काठावर लावला तर नोंद रद्द करता येईल. मात्र पाण्यातून वस्तू काढण्यास परवानगी लागते. व परवानगी नोंद असलेल्या इसमास मिळत नाही. अर्जदाराने हे तिन्ही मुद्दे घरी येऊन पत्नीस समजावून सांगितले. तिने ते दोनदा ऐकले आणि दिवा मालवला.

९. आता मुख्य म्हणणे. अर्जदाराने रात्रभर विचार केला, आणि परमेश्वराच्या कृपेने पहाटे वाट सापडली. पाण्यातून काढलेली वस्तू पाण्यात परत सोडायची, हा नियम जगात फक्त माशाला आहे. कचरा काढल्यावर कोणी परत पाण्यात सोडत नाही. तसा हुकूम कोणतेही शहाणे कार्यालय देणार नाही, आणि आपले कार्यालय शहाणे आहे. आपल्या कार्यालयाने फलक जेथून उचलला तेथेच ठेवण्याचा लेखी हुकूम दिला. सबब, आपल्या कार्यालयाने तो मासा ठरवला आहे. मासा असल्यास अर्जदाराने नदीत वस्तू टाकलेली नाही. त्याने मासा सोडला आहे, थोड्या उशिराने, त्याबद्दल तो दिलगीर आहे. नोंद आपोआप रद्द होते.

येथवर लिहून अर्जदार थांबला होता. युक्तिवाद त्याला आवडला होता. मग त्याच्या ध्यानात आले, की हे उत्तर त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. नियम त्यानेच लिहिला होता. किटली हातात होती आणि माणूस समोर उभा होता. एका थट्टेला भिऊन अर्जदाराने वर्षभर कचेरीच्या आड तोंड लपवले. आपल्या कार्यालयाने अर्जदारास जसे फिरवले, तसेच अर्जदाराने व्याह्यांना बसवून ठेवले. फरक इतकाच, की व्याह्यांनी एकही पत्र लिहिले नाही.

सबब काल सायंकाळी अर्जदाराने कपाट उघडले व किटली घेऊन व्याह्यांकडे गेला. बेकरीवाल्यांना साक्षीला घेतले. ते वाटेत म्हणाले, “मी हसत बोललो होतो हो, काटेवाले! वर्षभर धरून बसलात?” व्याह्यांनी किटली दोन्ही हातांनी चाचपली, झाकण उघडले, तोटीवरून बोट फिरवले. मग विचारले, “किती भरली?”

अर्जदार म्हणाला, “तोलली नाही.”

एकतीस वर्षांत हे वाक्य अर्जदाराच्या तोंडून प्रथमच निघाले. व्याही बराच वेळ हसत होते.

१०. तरी विनंती अशी, की फलकाबाबतचा प्रश्न निकाली काढण्यात आला असून तो मागे घेतल्याची नोंद व्हावी. आणि येत्या रविवारी सकाळी सात ते बारा परवानगी मिळावी. पुढच्या रविवारी चालेल काय, असे कृपया विचारू नये. पुढच्या वर्षी तर मुळीच विचारू नये. चाळीस माणसे पोती घेऊन येतील, चहा किटलीतून होईल. नोंदवहीला गरज असल्यास ‘नदीत वस्तू टाकणारा इसम’ घरी बसेल, काठावर पायसुद्धा ठेवणार नाही. काटा बेकरीवाले धरतील. मात्र शिंप्यांना तिसऱ्या खांबाशी उभे राहू द्यावे.

अर्जदार त्या दिवशी बाकावर बसला असता आपला कोट खुर्चीच्या पाठीला उलटा टाकलेला होता. आतल्या खिशाला हिरव्या दोऱ्याची दुहेरी टीप आहे. आपणास कदाचित ठाऊक नसेल. कोट घालणारा आतली टीप पाहत नाही. सहीसाठी लेखणी काढायला हात त्या खिशात जाईल, तेव्हा बोटाला ती टीप लागेल. सही कोणतीही करावी, तो आपला अधिकार आहे. पण त्या घटकेला, साहेब, शिंप्यांची आठवण ठेवावी.

आपला नम्र,
(सही)
काटेवाले, धान्य वखार (निवृत्त)
दिनांक : गुरुवार, स्पर्धेस तीन दिवस बाकी.

सोबत :
१) आपल्या पहिल्या दोन उत्तरांच्या नकला. (तिसऱ्याचा लगदा वाळवून जोडला आहे.)
२) ताकिदीची नक्कल. तीतील हुकुमाचा मजकूर अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे बिनचूक आहे.
३) खोटी माशी, नग एक, डब्याच्या खालच्या थरातली. आकड्याच्या टोकाला बूच लावले आहे, तरी पाकीट जपून उघडावे. परत पाठवू नये.