मुल्ला फसीहुद्दीन यांचे मृत्युपत्र: परसदार पंडितजींचे

अल्लाच्या नावाने. मी, मुल्ला फसीहुद्दीन वल्द कमालुद्दीन, जन्म हेरातचा, हल्ली मुक्काम आग्रा, बादशाही किताबखान्यातला तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करणारा, हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, बुद्धी शाबूत आहे. कोणी दटावलेले नाही. जावयाने थोडे दटावले, पण त्याचा उपयोग झाला नाही.

प्रथम माझ्या कफन-दफनाचा खर्च काढावा. थाटमाट नको. मर्सिया, म्हणजे शोकगीत, म्हणायला कोणा शायराला बोलावू नये. शब्द मोजून वापरण्यात माझा जन्म गेला.

कलमदान आणि दौत माझी मुलगी गुलरुख हिला. तिचे अक्षर माझ्याहून चांगले आहे, हे तिला मी हयातीत सांगितले नाही, ते येथे सांगतो. कलम तासायचा चाकू किताबखान्यातला सुलेखक, खुशनवीस इनायतुल्ला याला द्यावा. माझ्या पुस्तकांच्या सुबक नकला त्याने केल्या आणि शेवटी स्वतःचे नाव घातले, माझे कधीच नाही. चाकू तो नेहमी मागून न्यायचा आणि परत करताना तोंड वाकडे करायचा. आता परत करू नये.

घराविषयी. शरियतप्रमाणे एक तृतीयांश मालमत्ता मला मर्जीने देता येते. काझीसाहेबांनी मोजून दिल्याप्रमाणे परसदार, त्यातल्या दोन खोल्या आणि विहीर त्या हिश्शात बसते. ते सर्व मी काशीचे पंडित लक्ष्मीधर ओझा यांना देतो. बाकी दोन हिस्से वारसांचे.

का, ते वारसांना कळावे म्हणून लिहितो.

दरबार सिक्रीला होता तेव्हा आम्हां दोघांना एका कामावर बसवले होते. पंडितजी संस्कृत पोथी वाचून तिचा अर्थ हिंदवीत सांगत, मी फार्सीत उतरवी. त्यांना फार्सी येत नव्हती, मला संस्कृत. माझ्या घरचे पाणी ते पीत नसत. आपला तांब्या घेऊन येत, आणि माझा हात त्याकडे गेला की डोळे वटारत. एका कथेत पोपट राजाला म्हणतो, "तुझे दरबारी तुला खोटे सांगतात, कारण खरे ऐकले की तू जेवत नाहीस." माझी लेखणी थांबली.

"पंडितजी, हे जरा मऊ करू या का?"

"पोपटाने मऊ सांगितलेलं नाही, मुल्लाजी."

"पोपटाला बायको-मुलं नाहीत!"

"मग पोथी मिटू का?"

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी ते जसेच्या तसे लिहिले. कोणीतरी चुगली केली, आणि किताबखान्याचे दारोगा मीर सालेह यांनी आम्हांला उभे केले. "हे वाक्य कोणाचं?"

"पोपटाचं," पंडितजी म्हणाले. "आणि पोपटाचं बोलणं मी सांगितलं. यांनी फक्त उतरवलं."

"पंडित, तुला फार्सीचं एक अक्षर वाचता येत नाही. याने पदरचं घातलं नसेल कशावरून?"

"हुजूर, हा माणूस जेवणाचं वर्णनसुद्धा वाढवून सांगत नाही. कंटाळवाणा आहे, पण पदरचं घालणारा नाही."

त्यांना सहज बाजूला होता आले असते. दोघांचीही चाकरी गेली, राहायच्या सरकारी खोल्याही गेल्या. मी बायकोचे दागिने मोडून आग्र्यात हे घर घेतले. पंडितजी काशीला निघाले होते. मीच बैलगाडीतून त्यांची पोथ्यांची पेटी उतरवली आणि परसदारच्या खोलीत नेऊन ठेवली. वर्षाने बादशहांनी ते पुस्तक वाचून घेतले, पोपटापाशी हसले म्हणतात, आणि आम्हांला पुन्हा बोलावणे आले. पंडितजी मात्र परसदारीच राहिले. त्यांची चूल वेगळी, दार वेगळे. भांडण तेवढे सामाईक.

जावई मिर्झा तहमूर्स यांना ती जागा घोड्यांसाठी हवी होती.

"अब्बाजान, एका पंडितासाठी माझी जनावरं रस्त्यावर बांधू?"

"बांधा. घोड्यांशी मला संध्याकाळी बोलता येत नाही," मी म्हणालो. गुलरुख पडद्याआडून हसली. पुढे नवराबायकोत काय झाले ते मला ठाऊक नाही.

पंडितजींनाही समजवावे लागले. "मी दान घेणार नाही," ते म्हणाले.

"दान कोण देतंय?"

"मग मजुरी? ती बादशहांनी दिली."

"शेजार समजा."

त्यांनी विहिरीवर जाऊन आपला तांब्या भरून आणला. मग म्हणाले, "शेजार घेईन."

सध्या आम्ही एका मोठ्या पोथीच्या मध्यावर आहोत. रोज सकाळी बसतो. हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर लागू. तोवर सकाळी आम्हांला कोणीही हाक मारू नये. माझे बरे चालले आहे.

सही: फसीहुद्दीन
साक्षीदार: हकीम रुकनुद्दीन, मशिदीचे पेशइमाम शेख बायझीद
मुक्काम आग्रा, शुक्रवार, माहे शाबान, हिजरी सन १००९

वारसांची संमती: वाचले, मान्य आहे. गुलरुख.
मलाही मान्य. पंडितजींच्या दाराशी पायरी उंच आहे, त्यांना चढताना त्रास होतो. ती फोडून दोन पायऱ्या करून देईन. मिर्झा तहमूर्स.