मनोऱ्यावरचं घड्याळ मागे पडतं

४ मे, मंगळवार. सकाळी ६.०२
आजपासून रोजनिशी. घरात एक मोठा निर्णय व्हायचा आहे आणि तो मीच घ्यायचा आहे, हे कुठेतरी लेखी असलेलं बरं. घरात याबद्दल इतर मतंही ऐकू येतात.

तर: लेकीला एक मुलगा पसंत आहे. लिफ्ट दुरुस्त करतो. माझी हरकत लिफ्टला नाही, उशिराला आहे. आतापर्यंत चार वेळा घरी आला, चारही वेळा अकरा मिनिटं उशिरा. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला विचारा म्हणावं, अकरा मिनिटं म्हणजे काय ते.

मी घड्याळजी. बत्तीस वर्षं दुकान चालवतोय. दुकानात भिंतीवर मोठं लंबकाचं घड्याळ आहे, ज्या मास्तरांकडे काम शिकलो त्यांनी दिलेलं. त्याच्यावरून मी मनगटातलं घड्याळ लावतो, आणि मनगटावरून जग तपासतो. जग नापास होतं.

५ मे. संध्याकाळी ७.४१
रेडिओवरच्या सातच्या बातम्या आज पुन्हा ७.११ ला. रेडिओ केंद्राला तिसरं पत्र टाकलं. उत्तर नाही. तेही उशिराच येणार.

बँकेचं शटर १०.११ ला उघडलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ५.११ ला आत बोलावलं. सगळ्या जगाने आळसाचं एकच माप ठरवून घेतलेलं दिसतं. यावर कुणीतरी संशोधन करायला हवं. सवड मिळाली की मीच करीन.

आणखी एक निरीक्षण. दुरुस्त केलेलं घड्याळ हातात दिलं की गिऱ्हाइकं दुकानाच्या पायरीवरच उभी राहून काटे फिरवतात. हाताला चाळा, दुसरं काय.

६ मे. सकाळी ६.००
बायकोने प्रस्ताव मांडला. रविवारी सगळे मिळून तळ्याकाठच्या किल्ल्यावर जाऊ. पोराला दिवसभर नीट बघा, आणि संध्याकाळी हो की नाही ते एकदाचं सांगून टाका. शिवाय तिला लाँचमधून तळ्याची फेरी मारायची आहे. बऱ्याच दिवसांपासून म्हणतेय. मी म्हटलं, दोनेक वर्षं झाली असतील. ती म्हणाली, आठ.

मी एकच अट घातली. सकाळी आठ वाजता आमच्या फाटकाशी. एक मिनिट उशीर झाला तर नकार, आणि त्यावर अपील नाही. लेक हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

८ मे. दुपारी ४.१५
उद्याचं वेळापत्रक तयार. कार्बन लावून चार प्रती काढल्या. दालनं पंचवीस मिनिटं, बाग अठरा, राजहंस सहा. लेक म्हणाली, बाबा, राजहंसांना फक्त सहा? मी म्हटलं, एक बघितला की सगळे बघितले.

संकल्प: उद्या आवाज चढवायचा नाही. न्यायाधीशाने शांत असावं. कुणी कारणं सांगायला लागलं तर ऐकून घ्यायची. मग नकार द्यायचा.

९ मे, रविवार. सकाळी ८.००
फाटकाशी उभा आहे. एकटा. लिफ्टवाला नाही. बायको आणि लेकसुद्धा अजून घरातच. म्हणजे निकाल लागला.

८.११
आला. अकरा मिनिटं! हातात थर्मास. सॉरी काका, म्हणाला. कारण सांगत नाही, हे विशेष. टायर पंक्चर झाला म्हणाला असता तर निदान दोन शब्द बोलता आले असते. आणि बायको-लेक नेमक्या त्याच क्षणी दार ओढून बाहेर आल्या. घरातूनच फितुरी.

तत्त्वतः प्रकरण संपलं. पण तिकिटं काढलेली आहेत आणि थर्मासमधून कॉफीचा वास चांगला येतोय. केवळ औपचारिकता म्हणून पुढची चाचणी चालू ठेवतो.

१०.३५
किल्ला उत्तम. चार बुरूज, भोवती खंदक, त्यावर लाकडी पूल, मागच्या पायऱ्या थेट तळ्यात उतरतात. जेवणाच्या दालनात चाळीस खुर्च्यांचं टेबल. गाइड म्हणाला, दोन मिनिटांत पुढच्या दालनात जाऊ. सात लावली. मी लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, सर, तुम्ही पुढे व्हा ना.

पण खरा आनंद बाहेर आल्यावर झाला. अंगणात घड्याळाचा मनोरा आहे. वर बघितलं आणि मनगट बघितलं. मनोऱ्यावरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे! राजेरजवाड्यांचं झालं म्हणून काय झालं. लगेच तिकीटखिडकीवर गेलो. तिथून मला निळा एप्रन घातलेल्या एका वयस्कर बाईंकडे पाठवलं. घड्याळाला किल्ली द्यायचं काम त्यांचं. आधी त्यांचे वडील द्यायचे. म्हणाल्या, रोज बारा वाजता फोनवरच्या वेळेशी ताडून बघते. मी म्हटलं, फोन मागे असेल. त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, ऊन फार आहे, सावलीत बसता का?

दुपारी १.२५
गवतावर सँडविच. शेजारच्या कुटुंबाच्या बाबागाडीचं चाक निखळलं तर लिफ्टवाल्याने खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढून चार मिनिटांत बसवून दिलं. हत्यार बरोब्बर धरलं होतं, मनगट सैल. नोंद घेतली. गुण दिले नाहीत.

नंतर मी हात धुऊन येईपर्यंत बायको त्याच्या कुठल्यातरी बोलण्यावर पदर तोंडाला लावून हसत होती. मी आलो आणि थांबली. जरा लागलं. आपल्याला बघून माणसं का थांबतात, यावर एकदा विचार करायला हवा. आज वेळापत्रकात बसत नाही.

३.४४
महत्त्वाचा निर्णय. चारची लाँच मनोऱ्याच्या घड्याळावर सुटते. म्हणजे वास्तविक ४.११ ला. आज बायकोला फेरी मारायची आहे, आणि माझी बायको चुकीच्या वेळेला तळ्यात उतरणार नाही. मनोरा चढायचं तिकीट काढलं. शहाण्णव पायऱ्या. बायको-लेक कॅफेत आइस्क्रीम घेतायत, तिथून परस्पर धक्क्यावर जातील. लिफ्टवाला माझ्यामागून येतोय. नको म्हटलं तरी येतोय.

५.५०, परतीच्या बसमध्ये
कुणाशी बोलायची इच्छा नाही. सुदैवाने माझ्याशीही कुणाला बोलायचं नाहीये. जे झालं ते क्रमाने लिहितो.

३.५५ ला वर पोचलो. मनोऱ्यावरच्या घड्याळाला आतल्या बाजूनेही एक छोटी तबकडी असते, बाहेर किती वाजलेत ते दाखवणारी. ती ३.४४ दाखवत होती. समोर दोरी बांधलेली होती, आणि हात लावू नये अशी पाटी. ती पाटी सामान्य लोकांसाठी. मी दोरीखालून गेलो आणि काटे अकरा मिनिटं पुढे घेतले. फार समाधान वाटलं. लिफ्टवाला म्हणाला, काका, राहू द्या ना. मी म्हटलं, वेळ पाळणं काय असतं ते बघून ठेव.

पाच मिनिटांनी चारचे ठोके पडले. खिडकीतून खाली बघितलं. लाँच सुटली. आत सात माणसं. बाकी सगळे, मोबाइल हातात घेऊन, आत्ता कुठे बागेतून आरामात चालत येत होते. ठोके ऐकून ते धावत सुटले. सगळ्यांत पुढे माझी बायको. दोन्ही हातांत आइस्क्रीमचा एकेक कोन. ती धक्क्याच्या टोकाला पोचली तेव्हा लाँच तळ्याच्या मध्यावर होती. ती तिथेच उभी राहिली आणि आइस्क्रीम तिच्या हातावरून ओघळत राहिलं. दुसरा कोन माझ्यासाठी होता, असं नंतर लेकीने सांगितलं. चारची लाँच शेवटची होती.

निळ्या एप्रनवाल्या बाई धापा टाकत वर आल्या. काट्यांना हात कुणी लावला? मी सांगणारच होतो. खरोखर सांगणार होतो, तोंडसुद्धा उघडलं होतं. पण लिफ्टवाला म्हणाला, मावशी, मी. धक्का लागला. बाईंनी त्याला असा काही झापला की मलाच खाली बघावं लागलं. मग तो काटे मागे घ्यायला गेला. माझ्याने राहवलं नाही. ठोक्यांच्या घड्याळाचे काटे कधी मागे फिरवू नयेत, आतलं काम बिघडतं. लंबक धरून ठेवायचा आणि वेळ जाऊ द्यायची, असं मी सांगितलं. बाईंनी लंबक धरला. आम्ही तिघं त्या खोलीत अकरा मिनिटं गप्प उभे होतो. अकरा मिनिटं फार असतात.

त्याने गुन्हा कबूल केला, म्हणजे थोडीफार चूक त्याचीही असणार. बायको पुढच्या सीटवर लेकीशेजारी बसली आहे. तिने निर्णय विचारला नाही. उद्या देतो.

१० मे, सोमवार. सकाळी १०.२०
बायको दुकानात आली होती. एरवी येत नाही. काउंटरवर तिचा मोबाइल ठेवला, लंबकाच्या घड्याळाकडे बोट केलं आणि म्हणाली, अहो, एकदा नीट बघा. मोबाइलवर ९.२०. घड्याळात ९.३१. मी म्हटलं, मोबाइलची वेळ हवेतून येते. ती म्हणाली, आणि तुमच्या घड्याळातली माझ्या हातून.

नऊ वर्षांपूर्वी लेकीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. मी पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या घडी करत होता आणि लेक कप छातीशी धरून फाटकात एकटी उभी होती. मला आठवतं ते असं, की समारंभ लवकर आटोपला. त्याबद्दल मी शाळेकडे तक्रारही केली होती. बायको म्हणाली, समारंभ दोन तास चालला. त्या काळात तुम्ही कुठेच वेळेवर पोचत नव्हता, लग्नात नाही की दवाखान्यात नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकानात येऊन स्टुलावर चढून घड्याळ पुढे केलं. गुण आला. मी वेळेवर पोचायला लागलो. मग मला त्याचा एवढा अभिमान वाटायला लागला की तिला सांगायचा धीर होईना.

कुणाकुणाला माहीत आहे, असं विचारलं. समोरच्या चष्मेवाल्याला. बँकेला. गिऱ्हाइकांना. डॉक्टरीणबाईंना. लिफ्टवाल्याला लेकीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने फक्त एवढंच विचारलं, काकांच्या सातला येऊ की खऱ्या सातला? लेक म्हणाली, खऱ्या. घरात एक खोटं पुरे आहे.

तीन पत्रं रेडिओ केंद्राला. अरे देवा. शेवटी म्हटलं, अकरा मिनिटं म्हणजे जरा जास्तच केलीस. ती म्हणाली, मी दहाच केली होती. अकरावं तुमचं. दर आठवड्याला उघडून साफ करता ना.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७.४० (खरे)
लिफ्टवाल्याला सहा वाजता बागेच्या दाराशी बोलावलं होतं. मनगटातलं घड्याळ बरोबर लावलं आणि संकल्प सोडला: आज मी त्याच्या आधी पोचणार. सहाला पाच कमी असताना तिथे उभा असणार, आणि तो आला की म्हणणार, ये, मी वाटच बघत होतो.

पोचलो ६.२७ ला. बुटाची नाडी तुटली. मग चष्मेवाल्याने थांबवलं. मग, हातात खरी वेळ असली की भरपूर वेळ आहे असं का वाटतं कोण जाणे, मी दुकानात एक छोटं गजराचं घड्याळ उघडून बसलो. शेवटचे दोन रस्ते धावलो. या वयात.

तो दाराशी उभा होता, दोन हातांत चहाचे दोन कागदी कप. मी धापा टाकत सॉरी म्हणायला लागलो, तेवढ्यात तोच म्हणाला, नाही काका, मीही आत्ताच आलो.

मी त्याला आधी होकार देऊन टाकला. मग म्हटलं, काल काट्यांना हात मी लावला होता, येत्या रविवारी किल्ल्यावरच्या त्या मावशींना भेटून तसं सांगणार आहे. तोवर तू काकूंना पहिल्या लाँचमध्ये बसव. त्याने एक कप माझ्या हातात दिला.

चहा गार ठणठणीत होता. वर साय धरली होती. मी सगळा प्यायलो आणि म्हटलं, वा, अगदी गरम आहे.