फ्रिजच्या दारातला नळ

प्रिय ठमे,

पत्र कचेरीच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. घरी का नाही पाठवलं आणि फोन का नाही केला, ते तुला माहीत आहे. तुझा फोन तुझ्याआधी कोण बघतं, हे तूच मागे हसत हसत बोलून गेली होतीस. मीही हसलो होतो. मूर्खच मी. गेल्या महिन्यात तुझ्याकडे येऊन जे काम करून गेलो ते मला खातंय, आणि ते तुझ्याखेरीज कुणापाशी बोलण्यासारखं नाही.

पस्तीस वर्षं मी बारमध्ये बियरचे नळ बसवले. त्यामुळे जुन्या फ्रिजला नळ लावून द्या म्हणून जावईबापूंचा फोन आला, तेव्हा मी हुरळून गेलो. निवृत्त माणसाला कुणी काम सांगितलं की त्याला दुसरं काही दिसत नाही. घरात बियरचं पिंप कशाला हवंय, असं आई म्हणाली. तुला यातलं काय कळतं, म्हणून मी तिला गप्प केलं. तिला सगळं कळत होतं गं. मी मात्र दुकानात अर्धा दिवस नळ निवडत बसलो. स्वस्तातला नळ पितळेचा असतो, वर नुसता चकचकीत मुलामा. शिवाय तो मागच्या बाजूला बंद होतो, पुढच्या तोंडात बियर वाळते आणि दोन दिवस हात लावला नाही की दांडा असा चिकटतो की ओढून ओढून माणूस कंटाळतो. मी घेतला अस्सल स्टीलचा, अगदी तोंडाशी बंद होणारा. कधी चिकटायचा नाही, एका बोटानं उघडायचा. तो चिकटणारा नळ माझ्या हातात होता ठमे, आणि मी नाक मुरडून तो परत ठेवला.

तुझ्याकडे आलो त्या संध्याकाळी जावईबापू बाटल्या घेऊन बसले होते. रिकामी झाली की तू लगेच उचलायचीस, विसळायचीस आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी करायचीस. मला वाटलं, वा, पोरगी आईसारखी टापटिपीची निघाली. चौथी बाटली खिडकीत गेली आणि तू वरच्या मजल्यावरच्या मावशींची कात्री द्यायला म्हणून गेलीस, ती दीड तासानं आलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार बाटल्या झाल्या आणि तुला मावशींच्या विणकामातला टाका शिकायचा होता. लहानपणी सुई दिसली की पळणारी तू! मी मनात म्हटलं, चला, शेजार चांगला मिळालाय, जीव रमलाय हिचा.

तिसऱ्या दिवशी कामाला हात घातला. फ्रिजच्या दाराला तुझ्या खांद्याच्या उंचीवर चांगला वाटीएवढा पोचा होता. घर बदलताना कपाट आदळलं, असं तू म्हणालीस. मी पत्र्यात आयुष्य घालवलंय. कपाटाचा कोपरा लागला तर पत्रा चिरतो, असा गोल आत जात नाही. हे माझ्या डोक्यात आलं होतं, आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण डोळ्यांवर कातडं ओढलं. दाराची जाडी मोजली, आतले कप्पे काढले, भोक पाडलं, नळाची मागची नळी आरपार घालून आतून आवळली, पिंपाची नळी जोडली. आणि नळाखालचा ठिबकट्रे मुद्दाम असा लावला की पोचा त्याच्या मागे बेमालूम झाकला गेला. वर तुला हाक मारून दाखवलाही, बघ तुझ्या बापाची करामत म्हणून. तू बराच वेळ बघत राहिलीस आणि पिंपातली किती संपली ते बाहेरून कळतं का, असं विचारलंस. माझ्या धंद्यातलं तू जन्मात पहिल्यांदा काही विचारत होतीस! मी खुशीत येऊन व्याख्यान झोडलं: बाहेरून कळत नाही, पिंप हलवून वजनावरून अंदाज घ्यायचा, त्यातही ग्लासाचा हिशेब लागत नाही. तू बरं म्हणालीस आणि भांडी घासायला गेलीस.

त्या संध्याकाळी जावईबापूंनी माझ्या हाताला तोड नाही म्हणून मित्रांना फोन करकरून सांगितलं. ग्लास एकच, तोच पुन्हा पुन्हा भरला जात होता. खिडकी रिकामी. तू दाराशी बसून त्या ग्लासाकडे बघत होतीस, ओठ हलत होते, आणि मधेच भाजी करपली म्हणून उठावं लागलं. परत आलीस तेव्हा तुझा चेहरा बावरला होता. तू वर गेली नाहीस. सात वाजले असतील. भाजीवरून आवाज चढला, मग स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि मी, तुझा बाप, नळाला जादा वायसर हवा म्हणून चपला अडकवून बाहेर पडलो. वायसर माझ्या पेटीत डझनभर होते. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर मी अर्धा तास नुसता उभा होतो. परत आलो तर तू मनगट गार पाण्याखाली धरून उभी होतीस. भाजलं का, असं मीच विचारलं, म्हणजे तुला नुसतं हो म्हणायचं काम उरलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो.

घरी येऊन आईला नळाचं कौतुक सांगायला बसलो. तिनं एकच विचारलं, मग आता पोरगी मोजणार कशी? तिला तू बाटल्यांचं कधीच सांगितलं होतंस, मला कुणीच नाही. सांगण्याजोगा मी नव्हतोच. ठमे, तुझ्यापाशी तेवढा एकच इशारा होता, कधी उठायचं, कधी दार ओढून घ्यायचं. तो मी भारीतलं सामान वापरून, मापात, एक थेंब न गळता काढून टाकला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मधल्या खोलीतलं कपाट रिकामं करायला घेतलं, आणि तिनं न सांगता मी तिच्या मदतीला लागलो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. दोन वर्षांपूर्वी तू फोन केला होतास, आठवतंय? रडत होतीस. मी म्हणालो होतो, सांभाळून घे, माणूस वाईट नाही, सगळ्यांच्या घरी थोडंफार होतंच. त्यानंतर तू मला कधी काही सांगितलं नाहीस, आणि मी ते तू सुखात आहेस असं धरून चाललो. ते शब्द मी परत घेतो. तू सांभाळून घ्यायचं नाहीस. येत्या बुधवारी, ते कामावर गेले की दहा वाजता, मी गाडी घेऊन तुझ्या इमारतीखाली येतोय. मावशींशी आई बोलली आहे, त्या तुझं सामान उतरवायला येतील. त्या दिवशी कचेरीत रजा टाक. कपडे आणि कागदपत्रं घे, बाकी राहू दे. उत्तर लिहू नकोस, फोन करू नकोस. मन झालं नाही तर खाली येऊ नकोस, मी एकपर्यंत थांबेन आणि परत जाईन. मग पुढच्या बुधवारी येईन, त्याच्या पुढच्याही. या वेळी मी चपला घालून निघून जाणार नाही.

तुझाच, आणि आता तरी तुझ्याच बाजूचा,
बाबा