पाचर

प्रिय अक्का,

आज दुपारी आपल्या जीपच्या बॅटरीला नवी टर्मिनलं बसवली. वीस मिनिटं लागली. हात धुऊन लगेच लिहायला बसलो, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. तुझ्या भावजयीला, सविताला, सांगितली तर ती रडते. दुकानात सांगितली तर लोक म्हणतात, "मिस्त्री, झालं ते झालं." काय झालं ते झालं गं?

तू गेल्याला तीन महिने होत आले. तेवढे दिवस जीप लिंबाखाली उभी होती. तिचं बॉनेट उघडायची माझी छातीच होत नव्हती. देवगाव फाट्यावर माझं दुकान, आसपासच्या गावांतले ट्रॅक्टर नि टेंपो माझ्या हातून वायरिंग करून गेलेले, आणि घरची गाडी अशी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुला आठवतं का, उन्हाळ्यात तू अंगणात तूरडाळ निवडत बसली होतीस आणि मी बॅटरीशी झटत होतो? बॅटरीच्या खुंटीला वायर धरून ठेवणारी पकड, म्हणजे टर्मिनल, झिजून सैल झालं होतं. मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची बोटभर पट्टी कापली आणि खुंटी नि पकडीच्या मधे हातोडीनं ठोकली.

"नाम्या, हे काय करायलास?"

"पाचर मारायलोय."

"आता गं बया! दुसऱ्याच्या कामात पाचर मारतेत म्हणून ऐकलं व्हतं. तू सोताच्याच गाडीला मारायलास व्हय?"

किती हसलो होतो मी! आमच्या धंद्यात पाचर म्हणजे सोय. गिऱ्हाईक घाईत असतं. पट्टी ठोकली की गाडी चालू. पुढच्या खेपेला नवं टाकू, असं दोघंही म्हणतात आणि पुढची खेप कुणीच करत नाही.

जाड पितळी टर्मिनलं मी परभणीहून आणलीही होती. जीपच्या खणात पडून होती. अडचण एकच. नव्याचा बोल्ट जाड आणि आपल्या जुन्या वायरच्या टोकाला जी कडी असते, थिंबल, तिचं भोक बारीक. म्हणजे टोक कापून मोठं थिंबल दाबायचं. कापलं की वायर आखूड पडणार, बॅटरीपर्यंत पोचणार नाही. मग लांब वायर आणा. एवढ्यासाठी राहिलं. दर रविवारी करू म्हणायचो आणि दर रविवारी कुणाचा तरी ट्रॅक्टर दारात!

आणि अक्का, रागावू नकोस, पण त्यात तूही होतीस. "आधी त्येचं बघ, त्येचा खोळंबा व्हायलाय. आपली गाडी काय, हुबीच हाय." दाजी गेल्यावर तू आमच्याकडे राहायला आलीस तीच अशी, स्वतःचं सगळं मागे ठेवून. आठ दिवस छातीत जळजळत होतं, तर ओवा चावत फिरलीस. सविता दवाखान्यात चला म्हणाली, तर "पित्त हाय, जाईल" म्हणालीस. ती पाचरच नव्हती का गं? मला हसत होतीस, आणि स्वतः काय केलंस?

त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तू घामानं निथळत ओट्यावर बसलीस. आम्ही तुला उचलून जीपमध्ये मागे बसवलं. मी किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. बॉनेट उघडलं तर पाचर नव्हतीच. कुठल्या तरी खड्ड्यात गळून पडली असणार. टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार चढलेला. धक्का मारावा तर अंगणातून रस्त्याला चढ, आणि माणसं दोनच. आळीतल्या दोन्ही गाड्या लग्नाला गेलेल्या. रुग्णवाहिकेला यायला पाऊण तास. बावीस वर्षं धंद्यात मुरलेला मिस्त्री मी, गुडघ्यांवर बसून मातीत पत्र्याचा तुकडा शोधत होतो!

पाना दोनदा हातातून निसटला. तू मागून म्हणालीस, "होऊ दे दमानं, नाम्या. मला कुठं घाई हाय?" असं का म्हणालीस? शिव्या घालायच्या होत्यास मला.

शेवटी एक खिळा ठोकला आणि गाडी चालू झाली. म्हणजे परत पाचरच. तोवर वीस मिनिटं गेली होती.

सेलूच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तू बोलत नव्हतीस. नंतर मी डॉक्टरांना विचारलं, "वीस मिनिटं आधी आलो असतो तर?" ते माझ्या काळ्या हातांकडे बघून म्हणाले, "सांगता येत नाही." हो म्हणाले असते तर मी स्वतःला दोष देऊन मोकळा झालो असतो. नाही म्हणाले असते तर निदान झोप लागली असती. 'सांगता येत नाही' हे घेऊन माणसानं काय करायचं, अक्का?

आता आजचं ऐक. खुंट्या गरम पाण्यानं धुतल्या, घासून चकचकीत केल्या. वायरचं जळकं टोक स्वच्छ तांबं दिसेपर्यंत कापलं आणि मोठं थिंबल दाबलं. वाटलं होतं तशी वायर दोन बोटं आखूड पडली. मी नुसता बघत बसलो. मग बॅटरी उचलली आणि उलट्या तोंडानं ठेवली. वायर पुरली! लांब वायर लागतच नव्हती गं. बॅटरी फिरवून ठेवायची, बस्स. दुसऱ्याची गाडी असती तर हे मला पहिल्या मिनिटाला सुचलं असतं.

अर्ध्या सेल्फला, किल्ली जेमतेम फिरवली तोच, गाडी चालू झाली. सविता पळत बाहेर आली, "झाली?" म्हणाली. मी मान हलवली. दोघं इंजिन ऐकत उभे राहिलो. जायचं कुठंच नव्हतं. मी गाडी बंद केली.

तुला वाटेल, आता हा पुन्हा पाचर मारणार नाही असा शब्द देणार. तो नाही देता येत. परवाच एक पिकअपवाला आला, कोथिंबीर भरून जिंतूरच्या बाजाराला निघालेला. "पाचर मारा अन् सोडा लौकर, मिस्त्री." मी हातोडी घेतली आणि तोंडातून निघून गेलं, "घरी कुणी दुखणाईत हाय का? म्हातारं माणूस? दिस भरलेली बाई?" तो भडकला. "तुमाला घरच्याचं काय करायचंय? गाडीचं बघा की!" मी पाचर मारून दिली. तो गेला. त्याच्या घरी कोण आहे ते मला अजून माहीत नाही.

तर शब्द एवढाच देतो. यापुढे घरचं विचारल्याशिवाय हातोडी उचलणार नाही. भडकू देत, येडा मिस्त्री म्हणू देत. आणि घरी कुणी आहे म्हणाले, तर कोथिंबीर सुकली तरी चालेल, धड टर्मिनल बसवल्याशिवाय गाडीला फाटा सोडू देणार नाही.

आणि कुणी खोटंच "न्हाई" म्हणालं तर? तिथं माझं काही चालत नाही, अक्का.

तुझा,
नाम्या