फोटोच्या दिवशीचं हळकुंड

आई,

उद्या सकाळी माझ्या छातीचा फोटो काढायचा आहे. आता सगळे एक्स-रे म्हणतात, पण आपल्या घरात तो फोटोच होता. खोकला थांबत नाही, संध्याकाळी अंगात कणकण असते. अंगावरचं काय काय काढून ठेवायचं ते डॉक्टरांनी नीट समजावलं. मी मान हलवत होते, आणि डोळ्यांसमोर तू तळेगावच्या दवाखान्यातल्या बाकावर नटून बसली होतीस.

तुला एवढंच सांगितलं होतं की फोटो काढल्याशिवाय औषध ठरवता येणार नाही. तुझा जन्मात कुणी फोटो काढला नव्हता. आपल्या इंदुरी गावाहून निघताना तू ठेवणीतलं लुगडं नेसलीस, ठुशी घातलीस, नथ घातलीस, शेजारणीच्या बुगड्या मागून आणल्यास; सगळं खोकत खोकत. आबा बैल जुंपता जुंपता म्हणाले, "फोटू छातीचा हाय म्हनं. नथीचं काय काम तितं?" तू म्हणालीस, "छातीच्या वर तोंड न्हाई व्हय मला?" मी हसले. लग्नाच्या वयाची झाले होते, पण मला तरी काय ठाऊक होतं.

मग तो फोटोवाला येतो, तुझ्याकडे बघतच राहतो. "बाई, हे सगळं काढा. धातू मध्ये आला की त्याच्याखालचं दिसत नाही." तू एकेक दागिना माझ्या ओटीत ठेवतेस. नथ काढताना तुझा चेहरा उतरतो. मंगळसूत्रापाशी हात थांबतो. "ह्ये न्हाई, भाऊ. धनी भाईर हुबा हाय माजा." तो चिडत नाही, पण दुपारी खोली बंद होते म्हणतो. तू उठतेस. "चला. नगं मला फोटू." सकाळीच तुझ्या पदराला रक्त लागलेलं मी पाहिलं होतं. मी तुझा हात धरते, तू तो सोडवून घेतेस.

तिथं फरशी पुसणारी आया होती. ती मान वर न करता म्हणाली, "अगं बये, हळकुंड बांध की दोऱ्यात. त्येबी मंगळसूत्रच. नवरा जिता हाय तर धाड की त्याला बाजारात." आबा गेले. घामाघूम होऊन आले. हळकुंड दोऱ्यात अडकवून तुझ्या मानेमागे गाठ मारू लागले. बैलाच्या दाव्याला सरावलेली बोटं, तो बारीक दोरा हातात राहीना. "हालू नगंस. लगनात भटजी तरी हुता मदतीला."

"तवाबी हात असंच कापत हुतं तुमचं," तू म्हणालीस.

गाठ बसल्यावरच तू खालचं मंगळसूत्र काढलंस.

आत गार पाटीला छाती लावून तू उभी राहिलीस. "श्वास रोखा," म्हणून तो माणूस आडोशाला गेला. तुला वाटलं, तुला एकटीला टाकून गेला, म्हणून तू वळून बघितलंस, आणि फोटो पुन्हा काढावा लागला. आई, दुखत नाही, यंत्र अंगाला लागतही नाही, तो माणूस लगेच परत येतो, आणि चेहरा त्यात येतच नाही, एवढं कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी उद्या फोटोला जाणार म्हणून हे मला आज कळतंय.

डॉक्टरांनी ती काळी काच खिडकीशी धरली. बरगड्या, आणि एका बाजूला पांढुरका डाग, त्यावर त्यांचं बोट. तू खूप वेळ बघत राहिलीस आणि विचारलंस, "ह्यात मी कुटं हाय?" पुढची भातकापणी तू पाहिली नाहीस. हळकुंड मात्र शेवटपर्यंत सोडलं नाहीस, मंगळसूत्राच्या जोडीनं तेही गळ्यात होतं. तुझा दुसरा फोटो आमच्याजवळ नाही.

आज दुपारी लोणावळ्याच्या या घरात मसाल्याच्या डब्यातून मी एक हळकुंड काढलं. दोराही हळदीत भिजवून वाळवला. आता कुणी एवढं पाळत नाही, नुसतं मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवतात. पण मला ह्यांच्याच हातून गाठ मारून घ्यायची आहे. ह्यांची ड्यूटी संपायला अजून वेळ आहे. गाठ मारायला सांगायची तर आधी कशासाठी ते सांगावं लागेल. मी डॉक्टरांकडे जाऊन आले हेही ह्यांना अजून ठाऊक नाही.